इराकवरचा हल्ला : गरज होती की इच्छा?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात युवकांचा अभ्यासवर्ग होता. विषय होता 'बुद्ध आणि युद्ध'. बोलता बोलता गाडी इराकवर आली. एक तरुण म्हणाला, "दादा, सरळ आहे. अमेरिका तेलासाठी गेली, बाकी सगळं नाटक." त्यावर बी.एस्सी. करणारी एक मुलगी म्हणाली, "मग तिथल्या तेलाची मोठी कंत्राटं चीनला कशी मिळाली?" तिसऱ्याचं म्हणणं, हे युद्ध मुसलमानांविरुद्ध होतं. मागे बसलेले एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "अरे, पण सद्दाम काय साधू होता का?" तासभर वाद झाला आणि प्रत्येकजण आपापलं उत्तर घेऊन घरी गेला.

त्या दिवशी मला एक गोष्ट खटकली. आमच्या कोणाच्याही उत्तराला पुराव्याचा आधार नव्हता. कोणी मोबाईलवर आलेला मजकूर सांगत होतं, कोणी लहानपणी टीव्हीवर पाहिलेलं आठवत होतं. कालामांना उपदेश करताना तथागतांनी सांगितलं की परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा मोठा माणूस सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. हा उपदेश आपण देवाधर्माला लावतो, राजकारणाला लावत नाही. म्हणून हा लेख.

२० मार्च २००३ रोजी अमेरिका आणि ब्रिटनच्या फौजा इराकवर चालून गेल्या. ९ एप्रिलला बगदाद पडले. १ मे रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एका युद्धनौकेवरून मोठी लष्करी कारवाई संपल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात खरा रक्तपात त्यानंतर सुरू झाला. हे युद्ध का झाले, यावर आजही वाद चालू आहे.

बाबासाहेबांनी दिलेली कसोटी

आंबेडकरी माणूस युद्धाकडे कसे पाहतो? 'अहिंसा परमो धर्म' म्हणून हात जोडून मोकळे होणे ही बाबासाहेबांची भूमिका नव्हती. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी वैशालीच्या सिंह सेनापतीचा प्रसंग मांडला आहे. गुन्हेगाराला शिक्षा करावी की नाही, न्यायासाठी शस्त्र उचलावे की नाही, ही सेनापतीची शंका होती. तथागतांच्या उत्तराचा आशय असा की युद्ध दुःखदायक आहेच; पण ते टाळण्याचे सगळे मार्ग संपल्यावर जो शांतता आणि न्यायासाठी लढतो, त्याला दोष देता येत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ सांगताना आणखी नेमका फरक केला आहे. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी.

त्याच ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही जुनी कथा बाबासाहेबांनी नाकारली. पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण झाले, शाक्यांच्या सेनापतीने संघात युद्धाचा ठराव आणला आणि सिद्धार्थाने त्याला विरोध केला. त्याचे म्हणणे काय होते? आधी चौकशी करा. दोन माणसे आपली, दोन त्यांची, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी तंटा सोडवावा. बहुमत सेनापतीच्या बाजूने गेले.

म्हणजे आपल्याकडे दोन प्रश्न तयार आहेत. युद्धाआधी चौकशीला पुरेसा वेळ दिला होता का? आणि ती गरज होती की इच्छा? इराकला हे दोन प्रश्न लावून पाहू.

पहिले कारण : महासंहारक शस्त्रे

जगाला सांगितलेले मुख्य कारण होते रासायनिक, जैविक आणि अण्वस्त्रे. २६ ऑगस्ट २००२ रोजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी सद्दामकडे अशी शस्त्रे असल्याबद्दल शंकाच नाही असे भाषणात सांगितले. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सरकारने एक अहवाल काढून ही शस्त्रे ४५ मिनिटांत डागता येतील असा दावा केला. २८ जानेवारी २००३ च्या भाषणात बुश यांनी इराक आफ्रिकेतून युरेनियम मिळवू पाहत असल्याचे सांगितले. ५ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत चित्रे आणि ध्वनिफिती दाखवल्या.

यातल्या प्रत्येक दाव्याचे पुढे काय झाले? आफ्रिकेतील युरेनियमची कागदपत्रे खोटी असल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बारादेई यांनी ७ मार्च २००३ रोजी, म्हणजे युद्धाच्या १३ दिवस आधी, सुरक्षा परिषदेला सांगितले. फिरत्या जैविक प्रयोगशाळांची कहाणी 'कर्व्हबॉल' या टोपणनावाच्या एका इराकी निर्वासिताने जर्मन गुप्तचरांना सांगितली होती. अमेरिकेने स्वतः त्याची नीट चौकशी न करता ती जगापुढे मांडली. ती आपण रचली होती, हे त्यानेच २०११ मध्ये कबूल केले. युद्धानंतर अमेरिकेनेच नेमलेल्या शोधपथकाचा अहवाल २००४ मध्ये आला. शस्त्रसाठा सापडला नाही. अण्वस्त्रांचा कार्यक्रम १९९१ नंतर बंद पडला होता.

इथे समोरचा माणूस म्हणतो, "चूक झाली. अनेक देशांच्या गुप्तचर संस्थांना तसेच वाटत होते. आणि सद्दामने स्वतःच संशय जिवंत ठेवला होता." हा युक्तिवाद हलका नाही, त्याचा विचार केला पाहिजे. सद्दामला शेजारच्या इराणची भीती होती आणि आपण पूर्ण निःशस्त्र झालो हे त्याला उघड होऊ द्यायचे नव्हते, हे त्या शोधपथकाच्या अहवालातही आले आहे.

पण चूक आणि लबाडी यांतला फरक ओळखायचा कसा? प्रामाणिक चूक करणारा माणूस नवी माहिती आली की थांबतो. इथे नवी माहिती रोज येत होती. ८ नोव्हेंबर २००२ च्या ठराव क्रमांक १४४१ नुसार निरीक्षक त्याच महिन्याच्या अखेरीस इराकमध्ये परतले होते. त्यांनी सातशेहून अधिक तपासण्या केल्या. त्यांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी ७ मार्चला सांगितले की उरलेले काम व्हायला वर्षे लागणार नाहीत, आठवडेही पुरणार नाहीत, काही महिने लागतील. फक्त काही महिने! ते दिले गेले नाहीत. १८ मार्चला निरीक्षकांना देश सोडावा लागला आणि दोन दिवसांनी बॉम्ब पडले.

सिद्धार्थाचा प्रस्ताव शाक्य संघाने फेटाळला होता. इथे तर चौकशी समिती नेमली, कामाला लावली आणि तिचे उत्तर सोयीचे येईना म्हणून तिला बाहेर काढले.

निर्णय आधी, कारण नंतर

हेतू शोधताना माणूस काय बोलला यापेक्षा कोणत्या क्रमाने काय घडले हे पाहावे. इराकच्या बाबतीत हा क्रम कागदोपत्री उपलब्ध आहे.

२६ जानेवारी १९९८ रोजी काही उजव्या विचारांच्या मंडळींनी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना पत्र लिहून सद्दामला हटवण्याची मागणी केली. सही करणाऱ्यांत डोनाल्ड रम्सफेल्ड आणि पॉल वुल्फोवित्झ होते. २००१ मध्ये हेच दोघे संरक्षणमंत्री आणि उपसंरक्षणमंत्री झाले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्याच दुपारी रम्सफेल्ड यांच्या सहकाऱ्याने टिपून ठेवलेल्या नोंदींत बिन लादेनबरोबर सद्दामवरही घाव घालता येईल का, हा विचार दिसतो. नोव्हेंबर २००१ मध्ये बुश यांनी इराकच्या युद्धयोजनेचा आढावा घ्यायला सांगितले. तेव्हा अफगाणिस्तानातले युद्ध चालूच होते.

२३ जुलै २००२ रोजी लंडनमध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यासमोर झालेल्या बैठकीचे टिपण २००५ मध्ये वृत्तपत्रात आले. अमेरिकेहून परतलेल्या ब्रिटिश गुप्तचर प्रमुखाने तिथे सांगितले होते की युद्ध आता अटळ मानले जात आहे आणि माहिती व पुरावे धोरणाला जुळतील असे बसवले जात आहेत. पाच दिवसांनी ब्लेअर यांनी बुश यांना पत्र लिहून काहीही झाले तरी आपण सोबत असू, अशी ग्वाही दिली. हे सगळे निरीक्षक इराकमध्ये परतण्याच्या चार महिने आधीचे आहे.

मे २००३ मध्ये वुल्फोवित्झ यांनी एका मुलाखतीत सांगितले की शस्त्रांचे कारण पुढे केले गेले, कारण सरकारमधल्या सगळ्यांचे एकमत होऊ शकेल असे ते एकच कारण होते. हे वाक्य मला फार बोलके वाटते. युद्धाला कारण शोधण्यासाठी सरकारी खात्यांचे एकमत घडवले गेले!

आणि ६ जुलै २०१६ रोजी ब्रिटनच्याच चिलकॉट चौकशीने निष्कर्ष काढला की शांततेचे मार्ग संपलेले नव्हते आणि त्या वेळी युद्ध हा शेवटचा पर्याय नव्हता. सिंह सेनापतीला दिलेल्या उत्तरात जी अट होती, नेमकी तीच अट इथे मोडली. युद्धाची गरज नव्हती. इच्छा होती.

दुसरे कारण : दहशतवादाशी संबंध

सद्दाम आणि अल कायदा यांचे साटेलोटे आहे, असे सतत सूचित केले गेले. पॉवेल यांच्या भाषणातला एक महत्त्वाचा दावा इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याच्या जबाबावर उभा होता. तो जबाब इजिप्तमध्ये छळ करून घेतला होता आणि नंतर त्याने तो फिरवला. पोलीस कोठडीत मार देऊन घेतलेल्या जबाबाची किंमत काय असते, हे आपल्या वस्त्यांना आणि पारधी पालांना शिकवायला नको. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या अमेरिकी आयोगाला २००४ मध्ये दोघांच्या प्रत्यक्ष सहकार्याचा पुरावा मिळाला नाही.

तरी लोकांचा विश्वास बसलाच. युद्ध सुरू होऊन पाच-सहा महिने झाल्यावर घेतलेल्या एका पाहणीत दहापैकी जवळपास सात अमेरिकनांना त्या हल्ल्यात सद्दामचा हात असावा असे वाटत होते. मोठी माध्यमे सरकारची भाषा बोलत होती. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २६ मे २००४ रोजी आपले वार्तांकन पुरेसे काटेकोर नव्हते अशी कबुली छापली. तोवर हजारो माणसे मेली होती. प्रस्थापित माध्यमांची माफी नेहमी अंत्ययात्रेनंतरच येते.

तिसरे कारण : लोकशाही आणि मानवता

शस्त्रे सापडेनात तेव्हा लोकशाहीचे कारण पुढे आले. सद्दाम जुलमी होता हे निर्विवाद आहे. आपल्यातले काही जण अमेरिकेला विरोध म्हणून त्याला नायक करतात, ती मोठी चूक आहे. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा या कुर्द गावावर त्याच्या राजवटीने विषारी वायू सोडला आणि सुमारे ५००० माणसे मारली. १९९१ मध्ये दक्षिणेतल्या शियांचा आणि उत्तरेतल्या कुर्दांचा उठाव त्याने चिरडला. विहारातल्या ज्येष्ठ उपासकांचा प्रश्न बरोबर होता. तो साधू नव्हताच.

पण प्रश्न हेतूचा आहे. कुर्दांची दया अमेरिकेला १९८८ मध्ये का आली नाही? तेव्हा इराक इराणशी लढत होता आणि अमेरिकेचे पारडे इराकच्या बाजूला होते. २० डिसेंबर १९८३ रोजी याच रम्सफेल्ड यांनी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे दूत म्हणून बगदादला जाऊन सद्दामशी हस्तांदोलन केले होते. इराक रासायनिक शस्त्रे वापरतो ही माहिती त्या काळातही होती. ज्या गुन्ह्याच्या वेळी तुम्ही गुन्हेगाराच्या बाजूला उभे होता, तोच गुन्हा पंधरा वर्षांनी शिक्षेचे कारण होत असेल, तर संशय घ्यायलाच हवा.

ताब्यात आलेल्या देशात लोकशाही कशी आणली तेही पाहा. प्रशासक पॉल ब्रेमर यांनी मे २००३ मध्ये दोन आदेश काढले. पहिल्याने बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढले, दुसऱ्याने सगळे सैन्य बरखास्त केले. काही लाख माणसे हातात शस्त्र आणि पोटात भूक घेऊन रस्त्यावर आली. जुलैमध्ये नेमलेल्या २५ जणांच्या शासन परिषदेत शिया, सुन्नी, कुर्द असे वाटे पाडले. संविधान कोणी लिहायचे हा प्रश्न आला तेव्हा निवडून आलेल्या लोकांनीच ते लिहावे, असा आग्रह अयातुल्ला सिस्तानी या शिया धर्मगुरूंनी धरला. ब्रेमर यांची योजना आधी निवडक लोकांच्या सभा भरवण्याची होती. जानेवारी २००४ मध्ये हजारो इराकी निवडणुकीची मागणी करत रस्त्यावर उतरले. लोकशाही द्यायला आलेल्यांकडे लोकांनाच निवडणूक मागावी लागली.

मात्र एका बाबतीत घाई होती. सप्टेंबर २००३ च्या आदेश क्रमांक ३९ ने नैसर्गिक संपत्ती, बँका आणि विमा सोडून बहुतेक उद्योगांत परकीयांना १०० टक्के मालकी खुली केली. मतपेटीआधी बाजार आला.

राजकीय लोकशाहीच्या तळाशी सामाजिक लोकशाही नसेल तर ती टिकत नाही, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. समाजातल्या भेगांवर स्वातंत्र्य, समता आणि बंधुतेने काम करावे लागते. इराकमध्ये त्या भेगा भरण्याऐवजी त्यांच्याच मापाने सत्तेची वाटणी झाली. २००६ पासून शिया-सुन्नी हत्याकांडे शिगेला पोहोचली. बरखास्त सैन्यातले काही अधिकारी पुढे इसिसमध्ये दिसले. जून २०१४ मध्ये मोसूल पडले आणि तिथे मजुरीला गेलेले ३९ भारतीय मारले गेले, बहुतेक पंजाबचे. त्यांच्या मृत्यूची सरकारी पुष्टी व्हायला मार्च २०१८ उजाडले. परदेशात मजुरीला कोण जाते, हे वेगळे सांगायला नको.

मग तेल?

आता आपल्या तरुण मित्राच्या मुद्द्याकडे येऊ. तेलाचा वास या मातीला जुना आहे आणि त्याच्याशी आपलाही संबंध आहे. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश हिंदुस्थानची फौज बसऱ्याजवळ उतरली. इराणच्या आखाती टोकावरचा तेलसाठा आणि पाइपलाइन राखणे, हा त्या मोहिमेचा एक उद्देश होता. ती फौज होती पुण्याची सहावी डिव्हिजन आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुत अल-अमारा इथे उपासमारीने गांजून तिने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. सुमारे १३००० सैनिक कैदी झाले, त्यांत बहुसंख्य हिंदुस्थानी होते आणि कैदेत कित्येक मेले. मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यावर जनरल मॉड यांनी जाहीरनामा काढला की आम्ही जिंकायला आलो नाही, मुक्त करायला आलो आहोत. तीन वर्षांनी इराकी लोकांनी बंड केले, तेव्हा त्या मुक्तिदात्यांनी विमानातून बॉम्ब टाकले. ८६ वर्षांनी बगदादने तीच 'मुक्ती' पुन्हा ऐकली.

२००३ मध्ये तेलाच्या बाजूने पुरावा काय? इराकचे ज्ञात साठे शंभर अब्ज पिंपांहून अधिक, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. चेनी हे २००० पर्यंत हॅलिबर्टन या तेलसेवा कंपनीचे प्रमुख होते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या ऊर्जा गटाच्या मार्च २००१ च्या कागदांत इराकी तेलक्षेत्रांचा नकाशा सापडला. हॅलिबर्टनच्याच उपकंपनीला तेलविहिरींच्या दुरुस्तीचे काम स्पर्धात्मक निविदेविना मिळाले. एप्रिल २००३ मध्ये बगदादचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले जात होते, तेव्हा अमेरिकी सैनिक तेल मंत्रालयाच्या दारात पहारा देत होते. माणूस काय राखतो यावरून त्याला काय प्रिय आहे हे कळते.

विरुद्ध पुरावा काय? अभ्यासवर्गातल्या मुलीचा प्रश्न रास्त होता. २००९ मध्ये इराकने तेलक्षेत्रांचे लिलाव केले, तेव्हा रुमैला हे प्रचंड क्षेत्र ब्रिटिश बीपी आणि चिनी सरकारी कंपनीला मिळून गेले. रशियाच्या लुकऑइललाही मोठा वाटा मिळाला. अमेरिकेच्या एक्सॉनलाही एक क्षेत्र मिळाले, पण करार पिंपामागे ठरावीक मोबदल्याचे होते. तेलाची मालकी इराककडेच राहिली. विहिरी लुटून न्यायच्या हाच हेतू असता, तर चोर फारच अडाणी म्हणावा लागेल.

माझे मत असे आहे. 'तेल लुटायला गेले' हे अर्धवट उत्तर आहे. तेल ज्या प्रदेशातून जगाला मिळते त्या आखातात हुकूम कोणाचा चालेल, हा खरा प्रश्न होता. गावात विहीर एकाच्या मालकीची असते. पण पाणी कोणी भरायचे आणि कोणी लांब उभे राहायचे हे ठरवणारा दुसराच असू शकतो. चवदार तळ्याच्या वारसांना हा फरक समजावून सांगायची गरज नाही.

एकच कारण शोधू नका

याखेरीज बरीच कारणे सांगितली जातात. सद्दामने २००० मध्ये तेलाचा व्यवहार डॉलरऐवजी युरोत सुरू केला, हे खरे आहे. पण त्यामुळे युद्ध झाले असे दाखवणारा निर्णयप्रक्रियेतला ठोस कागद समोर आलेला नाही. बुश यांच्या वडिलांना मारण्याचा सद्दामने प्रयत्न केल्याचा उल्लेख बुश यांनी स्वतः सप्टेंबर २००२ मध्ये केला होता. पण एका माणसाच्या रागावर दीड लाखाच्या आसपास सैन्य हलत नाही. हे सगळे इस्रायलने किंवा 'ज्यूंनी' घडवले, असे सांगणाऱ्यांपासून विशेष सावध राहा. इस्रायल समर्थक गटांच्या प्रभावाची चर्चा अभ्यासक करतात, ती जरूर वाचा. पण एका सबंध समाजाच्या माथी पाप मारणे ही मनुवादाचीच पद्धत आहे. आपल्यावर ती हजारो वर्षे वापरली गेली, आपण ती दुसऱ्यावर वापरू नये.

'मुसलमानांविरुद्धचे युद्ध' हे उत्तरही तपासून घ्यावे लागते. सौदी अरेबिया आणि कुवेत हे मुस्लिम देश अमेरिकेचे मित्रच होते. पण ११ सप्टेंबरनंतर सगळे अरब एकाच साच्यात घालण्याचा द्वेष पसरला नसता, तर ज्या देशाचा त्या हल्ल्याशी संबंध नव्हता त्याच्यावरचा हल्ला लोकांच्या गळी उतरला नसता. द्वेष हे युद्धाचे कारण नसेलही, पण त्याची वाट त्यानेच मोकळी केली.

पुराव्यावरून मला जे दिसते ते असे. उजव्या विचारवंतांना अरब जगाची फेरमांडणी हवी होती. संरक्षण खात्याला नव्या धर्तीच्या युद्धाचे प्रात्यक्षिक हवे होते. ११ सप्टेंबरच्या अपमानानंतर सत्तेला जगापुढे धाक बसवायचा होता आणि अफगाणिस्तान त्यासाठी फार गरीब देश होता. कंत्राटदारांना काम हवे होते, तर आखातावरची पकड सगळ्यांनाच हवी होती. प्रत्येकाची इच्छा वेगळी होती, पण शिकार एकच. आपल्याकडेही गावात बहिष्कार घालताना असेच होते. कोणाला जमीन हवी असते, कोणाला निवडणूक, कोणाला जातीचा तोरा मिरवायचा असतो. बहिष्कार मात्र एकमताने पडतो.

किंमत कोणी दिली?

फक्त नोंद झालेल्या नागरिकांच्या मृत्यूंचा आकडा दोन लाखांच्या घरात जातो. अमेरिकेचे सुमारे ४५०० आणि ब्रिटनचे १७९ सैनिक मेले. अबू ग्रेब तुरुंगातल्या छळाची छायाचित्रे एप्रिल २००४ मध्ये जगाने पाहिली.

अमेरिकेत सक्तीची भरती नाही. शिक्षणाचा खर्च, आरोग्यविमा आणि नोकरी यांसाठी सैन्यात जाणाऱ्यांत छोट्या गावांतली आणि कामकरी घरांतली मुले बरीच असतात. कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये या युद्धाला पाठिंबा गोऱ्यांपेक्षा सुरुवातीपासूनच बराच कमी होता. १४ सप्टेंबर २००१ रोजी राष्ट्राध्यक्षांना बळाचा वापर करण्याचे मोकळे अधिकार देणारा ठराव आला, तेव्हा दोन्ही सभागृहांत मिळून विरोधात एकच मत पडले. ते बार्बरा ली या कृष्णवर्णीय महिला प्रतिनिधीचे होते. तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविषयी मतदान झाले तेव्हा प्रतिनिधीगृहात १३३ जण विरोधात गेले आणि कृष्णवर्णीय सदस्यांपैकी बहुतेक त्यांत होते. ज्याने आपल्या देशात सत्तेचा खोटेपणा सोसला आहे, त्याला परदेशात निघालेल्या सत्तेचा खोटेपणा लवकर ओळखू येतो. व्हिएतनामच्या वेळी मार्टिन ल्यूथर किंग यांनी हेच केले होते.

भारताबद्दलही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. एप्रिल २००३ मध्ये आपल्या संसदेने या हल्ल्याची निंदा करणारा ठराव केला. अमेरिकेने भारतीय सैन्य मागितले होते. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवण्यास नकार दिला. त्या सरकारशी आपले शंभर मतभेद असतील, पण हा निर्णय योग्य होता. नाहीतर १९१४ सारखी आपली पोरे पुन्हा दजला नदीच्या काठी दुसऱ्याच्या इच्छेसाठी मेली असती.

आपल्यासाठी हा प्रश्न का महत्त्वाचा?

कोणी विचारेल, एवढ्या लांबच्या युद्धाचा हेतू शोधून आपल्याला काय मिळणार?

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना दोषी धरले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही सूडाचा हेतू मानला, जातीचा नाही. आपण सगळे संतापलो. पण संतापाने हेतू सिद्ध होत नाही. आधी काय घडले होते, कोण कोणाच्या बाजूला उभे होते, तक्रार झाल्यावर यंत्रणेने काय केले, कोणाला काय मिळाले, हा सगळा क्रम तारखेनिशी मांडावा लागतो. मारणारा कधीच म्हणत नाही की मी जातीसाठी मारले. आक्रमण करणारा कधीच म्हणत नाही की मी हुकूम चालवायला आलो. दोघांचाही हेतू त्यांच्या कृतीच्या क्रमातूनच काढावा लागतो.

म्हणून पुढच्या वेळी कोणत्याही देशाने युद्ध पुकारले, त्यात आपला देशही आला, तर घोषणा देण्याआधी पाच प्रश्न विचारा. निर्णय आधी झाला की पुरावा आधी आला? चौकशीला वेळ दिला का? हाच गुन्हा मित्राने केला तेव्हा हे गप्प होते का? जिंकल्यावर पहारा कशावर बसवला? आणि मेले कोणाच्या घरचे? एखाद्या युद्धाची उत्तरे समाधानकारक आली तर तेही मान्य करा. हिटलरच्या नाझीवादाविरुद्धच्या लढाईला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होताच. इराकच्या बाबतीत मात्र पाचही उत्तरे एकाच बाजूला झुकतात.

पुढच्या अभ्यासवर्गाला हे पाच प्रश्न फळ्यावर लिहिणार आहे. तेलवाला मित्र आणि बी.एस्सी.वाली ताई, दोघांनीही यावे. वाद घालायला मजा येईल, पण या वेळी कागद घेऊन या.

जय भीम! नमो बुद्धाय!